अधिक महिन्याचे एकोणीस दिवस

“लिव,” ती म्हणायची आणि हनुवटीनं माझ्या टाकाकडे खूण करायची. वाटेतला साकव मोडलाय, जावेला ताप आहे, यंदा बोंबील उशिरा आले, काहीही सांगितलं की शेवटी “लिव ते.” तिच्या लेखी जे कागदावर उतरलं नाही ते घडलंच नाही. मी वकिलाचा कारकून, लिहिण्याचाच पगार घेत होतो. पण तिची एक तारीख मी लिहिली नाही, आणि तिच्या मेलेल्या मुलाचा दावा त्यामुळे कोर्टात उभाच राहिला नाही. चूक वकिलांची नव्हती, कायद्याची नव्हती, तिची तर नव्हतीच. माझी होती. वर त्या चुकीवर मी खोटं बोललो, आणि ते खोटं सहा वर्षं पोटात ठेवलं.

आता ती नाही. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. अलिबागेत तिला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत, पण ती तिला मासे विकणारी म्हणून ओळखतात. ती कशी होती हे मला सांगायचं आहे, आणि माझी चूक वगळून ते सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात कोर्टाच्या आवारात आला असेल, तर त्यानं तिला पाहिलं असणार. काटक, काळीसावळी, कोळणी नेसतात तसं गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं, डोक्यावर पाटी. बाजार उरकला की आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायची. जगात सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. एकदा सबजज्जसाहेब कोर्टातून निघाले, तर ही पायरीवरून म्हणाली, “सायबा, तुजी पगरी वाकरी हाय.” साहेबांनी पगडी सारखी केली आणि गेले. कोर्टाचा शिपाई मात्र दोन दिवस भेदरलेला होता.

आमचे वकीलसाहेब सोवळ्यातले. त्यांना माशांचा वास सोसायचा नाही. एकदा ते मला आतून म्हणाले, “अहो, त्या बाईंना जरा वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवा.” तिनं ते ऐकलं. म्हणाली, “वकिला, तुज्या कागदाना बी वास येतं. मी बोलतंय काय?” वकीलसाहेब हसले, आणि त्या दिवसापासून ती जिथं बसायची तिथंच बसत राहिली. मला ती ‘लिवनाऱ्या’ म्हणे. मी तिला ‘बाय’ म्हणायचो.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिचा एकुलता मुलगा, बाविशीतला, लग्न न झालेला, पंधरा दिवसांपूर्वी मोटारीखाली सापडून मेला होता.

रेवसला मुंबईची लाँच लागली की उतारू मिळवायला सर्व्हिस मोटारी धावायच्या. जी आधी पोचेल ती भरे. संक्रांतीनंतरचा चौथा दिवस. मुलगा अलिबागच्या बाजारातून पायी घरी चालला होता. खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं, हातात दारूची बाटली. त्यांची होडी डागडुजी होऊन दुसऱ्या दिवशी पाण्यात लोटायची होती, आणि त्यांच्या घरी तेव्हा देवाला दारू दाखवतात. मागून मोटार आली आणि तो गेला. बाटली त्याच्या अंगाखाली फुटली. हवालदार आले, त्यांनी वाकून वास घेतला आणि पंचनाम्यात लिहिलं की इसम दारू प्यायलेला असून झोकांड्या खात मोटारीला आडवा आला.

हे सगळं तिनं न रडता सांगितलं. मग लुगड्याच्या ओच्यातून एक फडकं काढून माझ्यापुढं सोडलं. आत बाटलीची फुटकी मान होती. बूच तसंच घट्ट बसलेलं.

“बूच हाय काय?”

“आहे,” मी म्हणालो.

“मंग पियाला कसा? लिव. बूच हाय, लिव.”

मी लिहिलं. त्या दिवशी मी सगळं लिहिलं.

मोटारमालकाचा माणूस तिच्याकडे बाराव्याच्या दिवशीच येऊन गेला होता. तांदळाची गोणी, थोडे रुपये, आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुराचा कागद. अंगठा दे म्हणाला. तिनं चुलीतल्या राखेत अंगठा बुडवून त्याला दाखवला. “अंगठा चुलीत गेला, सांग तुज्या शेटला.” तांदूळ तिनं त्याच्याच डोक्यावर चढवून दिले. दीर म्हणाला, निदान तांदूळ तरी ठेवायचे. ती म्हणाली, “त्यो भात माज्या नरड्याखाली उतरंल काय?”

ड्रायव्हरवर पोलिसांनी खटला भरला, तो मॅजिस्ट्रेटपुढं दोन तारखांत संपला. पंचनामा वाचला आणि ड्रायव्हर सुटला. त्या खटल्यात तिला कोणी विचारलंच नाही. फौजदारी खटला सरकारचा असतो. आई तिथं फक्त बाहेर बसते.

ती तशीच आमच्याकडे आली. “झाला? आता कुनाला सांगू?”

तेव्हा वकीलसाहेबांनी तिला दुसरी वाट सांगितली. एक जुना कायदा आहे. कोणाच्या हयगयीनं माणूस मेला, तर त्याची बायको, मुलं, आईबाप दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावू शकतात. नुसत्या ड्रायव्हरवर नाही, त्याला पगार देणाऱ्या मालकावरही. फौजदारीत काय झालं याचं दिवाणी कोर्टाला बंधन नाही. तिथं साक्षीपुरावा पहिल्यापासून होतो.

“पैका शेटजवलच ऱ्हाऊं दे,” ती म्हणाली. “मना कोरटाचा कागद पायजे. त्याच्यावर लिवलेला पायजे, पोर पियाला नव्हता.”

“बाई, कोर्ट तसा नुसता कागद देत नाही. पैसे मागावे लागतात. मग निकालात ते सगळं येतं.”

तिनं थोडा विचार केला. “मंग एक रुपाया माग.”

वकीलसाहेब मोठ्यानं हसले, आणि लगेच चष्मा काढून पुसू लागले.

दावा बरा होता. बरा का, चांगला होता. मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी एक शाळामास्तर बसले होते. ते स्वतःहून ऑफिसात आले. दोन पानं मोडीत लिहून, खाली सही करून मला दिली. त्यांत लिहिलं होतं, दुसऱ्या मोटारीला मागं टाकायला आमची मोटार रस्ता सोडून कडेला गेली, मुलगा रस्त्याच्या बाहेर सरळ चालत होता, त्यानं वळून पाहिलं आणि हात वर केला. मास्तर म्हणाले, “तो हात मला रोज दिसतो. मी साक्ष देईन. कुठंही बदली झाली तरी येईन.”

फक्त तिचा अंगठा वकीलपत्रावर आणि दाव्यावर घ्यायचा राहिला होता. दाव्याच्या तळाशी, वरचा मजकूर खरा आहे, असं प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. त्यासाठी ती दिराला घेऊन आली. दीर चांगला माणूस, पण रीतीला पक्का. म्हणाला, “आमच्या घरान मेल्याचा वरीस होईस्तवर कोनी शपथ घेत नाय. त्यो अजून पितरांत गेला नाय. त्याच्या नावानं शपथ घेतली तं त्यो वाटंवर अरकून ऱ्हातो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “लिवनाऱ्या, वरीस थांबला तं चालंल?”

त्या क्षणी वकीलसाहेब आत अशिलांशी बोलत होते. मी उठून त्यांना विचारायला हवं होतं. मी उठलो नाही. मला उत्तर येत होतं. कायद्याची मुदत मरणापासून एक वर्ष. वर्षश्राद्ध तिथीनं होतं, आणि तिथी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधीच येते. म्हणजे वर्षश्राद्ध होऊनही आठवडाभर सवड. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. रीतही राहिली, दावाही राहिला.

“चालेल,” मी म्हणालो. “पौष वद्य एकादशीला वर्षश्राद्ध कर, आणि दुसऱ्या दिवशी ये.”

“लिव ते,” ती म्हणाली.

आमच्या ऑफिसात मुदतीची एक वही असते. कोणत्या अशिलाचा कोणता कागद कोणत्या तारखेच्या आत कोर्टात जायला हवा ते तीत लिहायचं आणि रोज सकाळी उघडून पाहायचं, हे माझं काम. पण वहीत नाव चढायचं ते वकीलपत्र झाल्यावर. तशी शिस्तच होती. तिचं वकीलपत्र झालं नव्हतं. मी टाक उचलला, तिच्या समाधानासाठी समोरच्या कोऱ्या कागदावर ‘पौष वद्य ११’ असं लिहून तिला दाखवलं, आणि ती गेल्यावर तो कागद बाजूला सारला.

त्या वर्षी श्रावण अधिक आला.

अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं, तिथी मागं येण्याऐवजी पुढं जाते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या महिन्यात मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो होतो. जावयाला अधिकाचं वाण देतात तसं सासूबाईंनी चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे घालून माझ्या हातात दिले. मी ते मजेत खाल्ले. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, हे तीन वर्षांनी एकदाच, बरं का!” आम्ही सगळे हसलो. एक अनारसा तोंडात असताना तरी मला तिची एकादशी आठवायला हवी होती.

संक्रांत आली. संक्रांत सूर्यावर चालते, तिला अधिक महिना लागत नाही. मुलगा संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गेला होता. तो चौथा दिवस उगवला आणि मावळला. मी ऑफिसात होतो. ती पायरीवर बसली होती. आम्ही बोललोसुद्धा. ती म्हणाली, “आता एकादशीला वरीस व्हतंय पोराचा.” मी म्हणालो, “हो, झालं की ये.” कोर्ट शंभर पावलांवर होतं आणि सहा वाजेपर्यंत उघडं होतं.

एकोणीस दिवसांनी ती आली. डोक्यावरून न्हालेली, धुवट लुगडं, हातात पाटी नाही. मी तिला पायरीवर बसवलं आणि कागद घेऊन आनंदानं आत गेलो.

वकीलसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.

“कधी गेला मुलगा?”

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं.

“एकोणीस दिवस,” ते म्हणाले. “अपिलाला उशीर झाला तर माफी मागता येते. दाव्याला येत नाही. मुदतीबाहेर म्हणजे बाहेर.” मग म्हणाले, “मीही विचारायला हवं होतं. पण मुदत तुमच्याकडे असते म्हणून मी निश्चिंत असतो. जा, त्यांना काय ते सांगा.”

काय ते. मी दारापर्यंत आलो. ती उभी राहिली. एकदा राखेत बुडवलेला अंगठा तिनं धुऊन लख्ख केलेला दिसत होता. मी खरं सांगितलं असतं तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या, कोळीवाडा ऑफिसावर आला असता, कदाचित माझी नोकरी गेली असती. माझ्या घरी तेव्हा दोन मुली होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही. हे माझ्या मनात आलं, एवढंच सांगतो.

मी म्हणालो, “बाय, वकीलसाहेबांनी सगळे कागद पुन्हा पाहिले. पंचनाम्यात दारू लिहिली आहे. कोर्ट तेच धरणार. दाव्यात दम नाही.”

“आन् मास्तर?”

“एकट्या माणसाच्या शब्दावर होत नाही.”

“आन् बूच?”

मी हातातले कागद जुळवू लागलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलं. पण तिला मी लिहिणारा माणूस वाटत होतो, आणि लिहिणारा माणूस खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ती फक्त म्हणाली, “बरा,” आणि पायरी उतरली.

त्यानंतरही ती येत राहिली. कधी माझ्या घरी बोंबील देऊन जायची, पैसे घ्यायची नाही. “पोरींना घाल. तू माज्यासाठी लय लिवलास.” माझी बायको ते आवडीनं करायची. मी जेवायचो. पण एक गोष्ट बदलली होती. मला ती काही महिन्यांनी जाणवली, आणि मग रोज जाणवू लागली. ती ‘लिव’ म्हणायची बंद झाली होती.

कोळीवाड्यात काय चाललं होतं ते कानावर येई. विहिरीवर भांडण झालं की कोणीतरी म्हणे, “तुजा पोर पिऊन मोटारीखाली गेला.” आधी ती त्यांना म्हणायची, “थांबा, कोरटातून येऊं दे.” आता तिच्याकडे म्हणायला काही नव्हतं. मास्तरांची बदली लांब झाली. त्यांनी एकदा पत्र टाकून विचारलं, दावा कधी लागतोय? मी उत्तर दिलं नाही. त्यांची दोन पानं माझ्या घरच्या ट्रंकेत, मुलींच्या जन्मटिपणांखाली होती. मी ती फाडली नाही. का ते मला माहीत नाही.

सहा वर्षं गेली. मग एका दुपारी ती पायरीवर बसली होती. पाटी रिकामी होती. रस्त्यावरून एक दारुडा चालला होता, त्याला पोरं चिडवत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, अगदी सहज, “लिवनाऱ्या, माजा पोर पियाला बी असंल.”

मी कागदावरून वर पाहिलं.

“आईला काय ठावं? बाटली दुसरी बी असंल. पोरां आईला सांगत नाय. येवरी मानसां बोलतंन, कोरट बोलतंय, तू बोललास. मीच एकली बोंबलतंय.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मी त्या बुचाला लय दिस धरून बसले. काल समिंदरान टाकून आले.”

मी काही चांगला माणूस नाही. सहा वर्षं ती रडली असती तरी मी गप्प राहिलो असतो, कदाचित. पण मुलगा मोटारीनं नेला होता, आणि त्यानंतर तिच्याकडे त्याचं जे उरलं होतं ते मी नेलं होतं. हे मला त्या दुपारी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

मी घरी गेलो, ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता कोळीवाड्यात गेलो. ती अंगणात वाळत घातलेला जवळा उलथत होती. मी तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. अधिक महिना, एकोणीस दिवस, कॅलेंडर, मी दारात बोललो ते खोटं. मास्तरांची पानं पुढं केली.

तिनं ती घेतली नाहीत. ती खाली बसली. हात जवळ्यात तसेच. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि मी त्यांची वाट पाहत होतो. तिनं विचारलं, “पोरानं हात वर केलेला, ह्या मास्तरानं लिवलाय?”

“हो.”

“सरल चालत व्हता?”

“हो बाय. रस्त्याच्या बाहेर. सरळ.”

ती तोंडाला पदर लावून रडली. मुलगा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी हात जोडून काही बोलायला लागलो, तर तिनं पदराआडूनच मान हलवली आणि वाळूकडे हात केला.

“मना नको सांगू. मना सांगून काय? थं सांग.”

वाळूवर, ओढलेल्या होड्यांच्या सावलीत, वीस-पंचवीस माणसं जाळी विणत बसली होती. तिचा दीर होता. विहिरीवर बोलणाऱ्या बायका होत्या. ती उठली, पुढं झाली, आणि मी तिच्या मागून गेलो. कोणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, “ह्याचा ऐका,” आणि बाजूला उभी राहिली.

मी मास्तरांची दोन्ही पानं वाचून दाखवली. शाई फिकी झाली होती, दोनदा अडलो. माणसांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या. वाचून झाल्यावर तिचा दीर म्हणाला, “मंग कोरटानं पिऊन मेला, असा का सांगितला?”

“कोर्टानं या दाव्यात काहीच सांगितलं नाही,” मी म्हणालो. “दावा कोर्टात गेलाच नाही. एक वर्षाच्या आत जायला हवा होता. तुम्ही मला विचारलंत आणि मी चुकीचं सांगितलं. मग ती चूक लपवायला हिला सांगितलं की दाव्यात दम नाही. दम होता. मुलगा प्यायलेला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

एक म्हातारा खाली बघत राहिला. विहिरीवरच्या बायकांतली एकजण पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

मग मी तिच्याकडे वळलो. मी तिथं जाण्याआधी रात्रभर पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी वाळूत वाकलो, तिच्या पायांपाशी डोकं टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “बाय, तुझा मुलगा शुद्धीवर होता, सरळ वाटेनं घरी येत होता. त्याचं नाव मोटारीनं नाही, मी बुडवलं. माझं चुकलं. मला माफ कर.”